पंचनाम्याखालचं झाड

मी महागाव तालुक्यातल्या एका शाळेत शिकवते. शिकवून वेळ उरला की माणसं, मतदार, गुरं आणि संडास मोजते. त्यामुळे फाल्गुनातल्या गारपिटीनंतर रानपिंगळे मोजायला माणूस हवं झालं, तेव्हा तालुक्याला माझीच आठवण झाली.

रानपिंगळा म्हणजे दिवसाढवळ्या फिरणारं वीतभर घुबड. जगात फार थोडी उरलीत. धरणाच्या पाण्यानं वेढलेल्या आमच्या टेकडीवर त्यांची एक जोडी होती.

नवीनच लागलेली वनरक्षक मुलगी आणि मी डोंग्यातून टेकडीवर गेलो. सागाच्या पानांची चाळणी झाली होती, खाली पोपट मरून पडले होते. सोबत दिलेला तक्ता कुठल्याशा समुद्रातल्या बेटासाठी केलेला असावा, कारण त्यात भरती-ओहोटीचा रकाना होता. फोन करून विचारलं, तर रकाना मोकळा सोडू नका म्हणाले. मी ‘मध्यम’ लिहिलं.

दोन तास हिंडूनही पिंगळा दिसेना. शेवटी डोंगा चालवणाऱ्या भोईकाकांनी शेंडा मोडलेल्या वाळक्या मोहाकडे बोट दाखवलं. ढोलीशेजारी नर शेपटी हलवत बसला होता.

“मादी आत अंड्यावर हाय,” काका म्हणाले. “हे झाड पडलं तं ते कोठी जाईन, मॅडम?”

हे आम्ही कळवलं. उत्तरादाखल पंधरा दिवसांनी पक्ष्यांच्या पुनर्वसनाची योजना आली. प्लायवूडची पिवळीधमक घरटी, प्रत्येकावर उद्घाटनाला येणाऱ्या पाहुण्यांचा फोटो. त्या पाहुण्यांच्या डोक्यावर काही पडू नये म्हणून वाळकी झाडं तोडायची होती. मोहावर लाल फुली पडली.

वनरक्षक मुलीचे डोळे भरून आले. तिची नोकरी अजून कायम व्हायची होती. तिला विरोध करता येईना. मी मात्र सरकारी नोकरीत मुरलेली. मी तिला विचारलं, या झाडाचा पंचनामा झाला का? नाही म्हणाली.

“मग त्याला हात कसा लावता येईल?”

आम्ही पत्र्यावर रंगानं लिहिलं, ‘गारपीटबाधित वृक्ष. पंचनामा प्रलंबित’, आणि तो पत्रा तारेनं झाडाला बांधला. करवत घेऊन आलेल्या माणसानं तो वाचला, करवत खाली ठेवली आणि साहेबांना फोन लावला. साहेबांनी दुसऱ्या साहेबांना लावला. ते काम आपल्या टेबलाचं नाही, यावर सगळ्यांचं एकमत झालं. झाड राहिलं.

पाहुणे आले. रानातल्या शांततेचं महत्त्व त्यांनी भोंग्यावरून अर्धा तास सांगितलं. जाताना त्यांना एक साळुंकी दिसली. तिचं पुनर्वसन पाहून त्यांना समाधान वाटलं.

चैत्र संपताना आम्ही सकाळीच गेलो. ढोलीच्या तोंडाशी दोन पिल्लं बसली होती, पिसारलेली, आमच्याकडे रागानं बघत. मुलीनं माझा हात घट्ट धरला.

तक्त्यात मेलेल्यांना, जखमींना, बेपत्ता झालेल्यांना जागा होती. जन्मलेल्यांना नव्हती. शिवाय आपत्तीनंतर संख्या वाढलेली दिसली तर वरून शंका काढतील, असं कार्यालयानं बजावलं. अहवालात ‘कृत्रिम घरट्यांमुळे जोडी सुरक्षित’ असं छापून आलं. त्या घरट्यांत तेव्हा गांधीलमाशा राहत होत्या. मी सही केली, आणि मला स्वतःची लाज वाटली. कागद परत घेताना मुलीनं खिशातून पेन्सिल काढली आणि शेऱ्याच्या जागी बारीक अक्षरात लिहिलं, ‘पिल्लं दोन’.