काढलेल्या चेनची खडखड

मंडळी, अंगावरचा काटा अजून गेलेला नाही.

आज पिंपळे गुरवच्या घरी बाबांच्या पन्नासच्या दशकातल्या मोटारीची इंजिनातली झिजलेली टायमिंग चेन बदलायला घेतली. बाबांना जाऊन वर्ष झालं. त्या चेनची खडखड गल्लीच्या तोंडाशी ऐकू आली, की आई चहा टाकायची.

चेन काढून डिझेलच्या ट्रेमध्ये बुडवली. इंजिन उघडंच होतं.

तेवढ्यात आई दोन कप घेऊन बाहेर आली.

"आई, दोन कशाला?"

"हे आले ना? आत्ताच गाडी वाजली की गल्लीत."

"भास झाला असेल गं," मी म्हटलं.

खरं सांगू? तीच खडखड ऐकून मीही पाना हातात धरून गल्लीकडेच बघत उभा होतो.

नवी चेन अजून खोक्यातच आहे. ती बसवली की खडखड कायमची थांबेल. तुम्ही बसवली असती?