कोरडी छागल

हे गेल्यावर दहा दिवस मी देवघरात पाऊल ठेवलं नाही. तिथे काशीहून आणलेला तांब्याचा गडू होता, आणि त्याच्याकडे पाहायची माझी हिंमत नव्हती.

यांना प्रवासाचं वेड आणि मला घराचं, त्यामुळे आमची उभा जन्म चांगली जुंपली. पोलादाच्या प्लांटातली रजा मंजूर झाली की होल्डॉल बांधलाच. पण आम्हाला सोडून कधी नाही. खांद्याला पाण्याची कॅनव्हासची छागल असायची. डब्यात कुणी पाणी मागितलं की आमच्या आधी त्याला. घरच्यांनी तहानलेलंच राहायचं का, असं मी टोचून विचारी आणि हे नुसते हसत. माझे ते शब्द पुढे मलाच फार बोचले.

शेवटचा प्रवास काशीचा. माझे गुडघे धरले होते म्हणून तेवढा एकट्याने केला. गंगेचं पाणी भरून, कथिलाने तोंड झाळलेला गडू घेऊन आले. मावंदं घालायचं, चार माणसं जेवायला बोलवायची, गडूची पूजा करायची आणि मगच तो उघडायचा, ही आमची रीत. गुरुवार ठरला. सोमवारी सकाळीच यांच्या छातीत कळ आली. मुलगा गाडी आणायला धावला. मरोद्याच्या वसाहतीतल्या आमच्या क्वार्टरमध्ये आम्ही दोघंच उरलो. हे म्हणाले, "गडू उघड. मले तहान लागून राहिली."

मी म्हणाले, "मावंद्याच्या दिवशी घेजा. आता कावून घाई करता?"

रीत मोडायची भीती नव्हती. गंगाजळ तोंडात कधी घालतात ते मला ठाऊक होतं. गडू बंद राहिला तर हेही राहतील, असं वेड्यासारखं मनाने घेतलं. मी माठातलं पाणी पुढे केलं. यांनी तोंड फिरवलं. गाडी दारात आली तेव्हा सगळं संपलं होतं.

दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. मुलाने सुचतील ती वचनं देऊन पाहिली, शेवटी दर्भाचा कावळा करावा लागला. घरी येऊन तो विचारत होता की बाबांचं काय राहिलं असेल. यांची तहान राहिली होती, आणि ती मीच ठेवली होती. कोणत्या तोंडाने सांगणार?

अकराव्या दिवशी, ऐन दुपारी, बाहेर उन्हाची लू वाहत असताना दारात एक अनोळखी म्हातारा उभा राहिला. अहिवाऱ्याकडे चुनखडीच्या खाणीत काम करायचो, इथे लेकीकडे आलो, म्हणाला.

"सकाळी पावर हाउस स्टेशनच्या फलाटावर एक बाबूजी बसले होते. खांद्यावर छागल होती, म्हणून पाणी मांगतलं. तं म्हणाले, ही कोरडी आहे. मरोद्याले जातोस तं माह्या घरी जाजो, गंगेचा गडू आहे, उघडून देतीन." मग त्याने आमचा क्वार्टर नंबर सांगितला.

मुलगा पांढराफटक पडला. तो काही विचारणार तोच मी त्याचा हात दाबला. माझं लक्ष आतल्या खुंटीकडे गेलं. छागल तिथेच टांगलेली होती, कोरडी ठणठणीत.

मी देवघरात गेले. "घ्या आता," एवढंच म्हटलं आणि मुलाकडून पेचकसाने गडूचं तोंड उघडवून घेतलं. म्हातारा उंबऱ्याशी ओंजळ धरून बसला. मी ओतत राहिले, तो पीत राहिला. गडू केवढासा, पण पाणी लवकर संपेना. इतक्या दिवसांत मी पहिल्यांदा मोठ्याने रडले. शेवटचा थेंब संपल्यावर त्याने ओले हात डोळ्यांना लावले आणि लेकीच्या घराची वाट धरली.

संध्याकाळी दिवा लावायला उठले तर खुंटीखाली फरशीवर ओल होती. भरलेली छागल पाझरते तशी ती पाझरत होती. घरात कुणी तिला हात लावला नव्हता.

देवाने यांची तहान भागवली की माझं ओझं उतरवलं, मला सांगता येत नाही. दोन्ही त्याचेच उपकार. गडू बंद ठेवून मी यांना धरून ठेवायला निघाले होते. आपलं माणूस आपण सांभाळावं, पण वेळ आली की देवाच्या हाती सोपवावं, एवढं मला त्या दुपारी कळलं. मुलगा फडकं घेऊन आला, मी नको म्हटलं. ती ओल सकाळपर्यंत आपली आपण वाळली.