अर्धा कप चहा, संदर्भ हवा

धूळपाटी म्हणजे पाटी, असं मी समजलो, तिथंच घोळ झाला. लहानपणी पाटीवर काय वाट्टेल ते लिहायचं आणि मास्तर यायच्या आत थुंकी लावून मनगटानं पुसायचं, एवढं शिक्षण माझं पक्कं होतं. इंटरनेटवरच्या त्या ज्ञानकोशात, जिथं म्हणे कोणीही लिहू शकतो, नव्या माणसाला हात बसवायला अशी एक धूळपाटी देतात. मी सराव म्हणून एक वाक्य लिहिलं: 'या गावात जावयाला अर्धा कप चहा देण्याची प्रथा आहे.' स्वतःशीच हसलो, खालचं निळं बटण दाबलं आणि सांभाराच्या जुड्या बांधायला उठलो. फोनमध्ये दोन पानं उघडी होती. एक धूळपाटी आणि दुसरं माझ्या सासुरवाडीचं पान. वाक्य जाऊन बसलं सासुरवाडीत.

शेलूबाजारजवळ आमचा मळा आहे. वांगी, मेथी आणि सांभार, म्हणजे शहरात ज्याला कोथिंबीर म्हणतात ते. सासुरवाडी मानोरा तालुक्यात. त्या गावाचं पान एकदा बायकोनं माझ्या फोनवर पाहिलं. त्यात काय होतं? हे एक गाव आहे, इथं उन्हाळ्यात ऊन पडतं आणि पावसाळ्यात पाऊस. शेजारच्या गावाचं पान उघडलं तर तेच ऊन, तोच पाऊस. तिचं तोंड उतरलं. मला कॉलेजापासून लिहायची खाज, म्हणून मी ते काम अंगावर घेतलं. गावचा नाला, बंधारा, चिंचेखालचा बाजार, सगळं चांगलं मांडलं आणि ही बढाई साळ्याला फोन करून सांगितली. तो अर्धा कप मात्र आमच्या घरातली जुनी थट्टा होती. सासूबाई सगळ्यांना भरून चहा देत आणि मला अर्धा. त्यावरून मी लग्नापासून बायकोला टोमणे मारत आलो होतो. ती ऐकून घ्यायची आणि भाजी चिरत राहायची.

वाक्य चुकीच्या जागी गेल्याचं मला कळलं ते साळ्याचाच उलट फोन आला तेव्हा. शाळेत मोठा टीव्ही आला होता. पंधरा ऑगस्टला झेंडावंदन झालं की हेडमास्तर त्यावर गावाचं पान लावून सगळ्यांना वाचून दाखवणार होते. आमच्या जावयानं लिहिलं म्हणून साळ्यानं गावभर सांगून ठेवलं होतं. "मायले पहिल्या लाइनीत बसवतो, भाऊजी," तो म्हणाला. "ते कधी शाळेत गेली नाई."

फोन ठेवून मी पान उघडलं, तर बंधाऱ्याच्या खाली तो अर्धा कप बसलेला. ज्या बाईनं आयुष्यभर दारात आलेल्याला चहाशिवाय जाऊ दिलं नाही, तिला तिच्याच गावासमोर पहिल्या ओळीत बसवून जावयाचं गाऱ्हाणं ऐकवायचं. आणि बाजूला बायको.

पुसून टाकू, त्यात काय, असं मला वाटलं. पुसलं. हात धुऊन येईस्तोवर वाक्य परत जागेवर. पुन्हा पुसलं, पुन्हा हजर. चौकशी केली तेव्हा समजलं की तिथं राखणीला एक यंत्र बसवलेलं आहे आणि त्याला सांगकाम्या म्हणतात. आमच्या घरात ते पद माझ्याकडे आहे, त्यामुळे नावाबद्दल माझी तक्रार नाही. पण मी निदान सांगितलेलं काम विसरतो. हा विसरतही नव्हता. चांगला मजकूर कारण न देता वगळला म्हणून त्यानं मला ताकीद दिली. त्या ताकिदीत माझ्या कृत्याला 'उत्पात' म्हटलं होतं. आमच्याकडे उत्पात माकडं करतात, हरभऱ्यात शिरून.

मग मदत मागायला गेलो. मदतीच्या जागेला तिथं चावडी म्हणतात, हे वाचून मला धीर आला होता. गावच्या चावडीवर चार माणसं रिकामी बसलेली असतात, पण कोणी गेलं तर सरकून जागा देतात आणि काय झालं म्हणून विचारतात. या चावडीवरच्यांनाही काम नव्हतं, हे त्यांच्या एकमेकांशी चाललेल्या भांडणांवरून दिसत होतं. एखाद्या नदीच्या नावातली वेलांटी पहिली की दुसरी, यावर ते महिनोन् महिने भांडत होते. नदी पाहिलेला त्यांच्यात एकही नसावा.

मी अदबीनं लिहिलं की कोण्या मूर्खानं अमक्या गावाच्या पानावर चहाबद्दल एक खोडसाळ वाक्य टाकलं आहे, तेवढं कृपया काढावं. पहिलं उत्तर आलं की सही करा. माझी अडचण राहिली बाजूला, आधी सही. मी कागद घेतला, बँकेत करतो तशी झोकदार सही केली, फोटो काढला आणि चढवला. सही म्हणजे तिथं चार नागमोडी रेघा टाइप करायच्या असतात, मग नाव आपोआप उमटतं, हे मला फार उशिरा समजलं. ते सांगायची तसदी कोणी घेतली नाही. त्याऐवजी दुसऱ्या एका विद्वानानं विचारलं की या सहीच्या छायाचित्राचा प्रताधिकार कोणाकडे आहे. माझ्या सहीचा मालक मीच, असं मी कळवलं. पुरावा द्या म्हणाले. पुरावा म्हणून सही करू का, असं विचारलं, तर फोटोच उडवला. माझी सही त्यांना लगेच पुसता आली. चहा येत नव्हता.

मग एक बडे आले. बडे म्हणजे ज्यांना पानांना कुलूप लावता येतं असे. त्यांच्या नावापुढं पदकांची चित्रं होती, एकमेकांनी एकमेकांना दिलेली. त्यांनी लिहिलं: "सदर मजकूर आपणच जोडला असल्याचे पानाच्या इतिहासात दिसते." त्या ज्ञानकोशात कोणी केव्हा काय लिहिलं ते कायम नोंदलेलं असतं, हे माझ्या गावी नव्हतं. म्हणजे मी ज्याला मूर्ख म्हटलं तो कोण, हे चावडीवरच्या सगळ्यांनी वाचलं होतं. बरं, मीच जोडला असेल तर मीच काढतो, असं मी म्हटलं. तर नाही. आपण त्या गावचे जावई दिसता, म्हणाले, तेव्हा सासुरवाडीबद्दल लिहिण्यात आपला हितसंबंध आहे. मी त्यांना खूप समजावलं. सासुरवाडीत जावयाचा हितसंबंध फक्त आखाडीच्या पाहुणचाराला असतो, एरवी काही नसतो. ते हसले नाहीत. ती माणसं हसत नाहीत. दुसऱ्याच्या लिहिण्यात चूक सापडली की त्यांना जो आनंद होतो तोच त्यांचा विनोद.

मी गयावया केली, हे लिहायला लाज वाटते, पण केली. एका म्हाताऱ्या बाईची शोभा होईल, असं सरळ लिहिलं. त्याचा परिणाम असा झाला की त्या पानाकडे आणखी चार जणांचं लक्ष गेलं. एकानं 'जावयाला'चं 'जावयास' केलं. दुसऱ्यानं कप परभाषेतला म्हणून काढून 'पेला' ठेवला. तिसऱ्यानं चहा या शब्दाला दुवा जोडला, त्यावर बोट ठेवलं की चहाच्या मळ्यांची माहिती उघडायची. चौथ्यानं शेवटी बारीक अक्षरात चिकटवलं, 'संदर्भ हवा'. माझ्या वेड्यावाकड्या टोमण्याला त्यांनी अंघोळ घातली, तेल लावून भांग पाडला आणि कायमचं बसवलं. काढायला सांगितलं होतं, असं मी परत लिहिलं तेव्हा मला काही दिवस गप्प बसवण्यात आलं. माझ्या नावालाच कुलूप.

बायकोला मी यातलं काही सांगितलं नाही. पंधरा ऑगस्टला सकाळी मोटरसायकलवर बसवून तिला घेऊन निघालो. वाटेत पाऊस लागावा, टायर फुटावं, अशा बारीकसारीक इच्छा मनात होत्या. टायर नवं होतं.

शाळेत सासूबाई खरंच पहिल्या ओळीत होत्या, इस्त्रीचं लुगडं, डोक्यावरून पदर. हेडमास्तर वाचू लागले. नाला आला, बंधारा आला, लोक खूश. बंधाऱ्याला साळ्यानं वळून माझ्याकडे पाहिलं. मग त्याच सुरात, न थांबता, हेडमास्तरांनी वाचलं की या गावात जावयास अर्धा पेला चहा देण्याची प्रथा आहे संदर्भ हवा. शेवटचे दोन शब्दही त्यांनी वाक्यातच घेतले.

पोरं हसली, मोठी माणसं हसली नाहीत. बायकोनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, समोर पाहत राहिली. तिचे कान लाल झाले होते. सासूबाईंनी शेजारणीला विचारून घेतलं, तो काय वाचते म्हणून. शेजारणीनं कानात सांगितलं. मग त्या बसल्या जागी मागं वळल्या आणि मला शोधून, सगळ्या शाळेला ऐकू जाईल असं बोलल्या.

"मंग, खोटं काय हाय त्याच्यात? लग्न झालं तवा तुमीच म्हणे ना, चहानं पित्त होते? पोरीनं मले बजावलं, माय, याईले अर्धाच देत जा. मी आपली देत आली. मले का चहाची कमी होती, बाप्पा?"

आणि मला ते आठवलं. नवा जावई म्हणून त्या गावात घरोघरी नेऊन चहा पाजत होते. सकाळपासून पोटात चहा डुचमळत होता. सुटका व्हावी म्हणून मी बायकोच्या कानात पित्ताची थाप मारली होती. दुपारी विसरलोही. ती विसरली नाही आणि तिची आईही विसरली नाही.

आता सगळेच हसले. हेडमास्तर म्हणाले की संदर्भ मिळाला, आणि पुढच्या परिच्छेदाकडे वळले. घरी गेल्यावर सासूबाईंनी चहा आणला, मला भरून, बशीत सांडेपर्यंत. मी तो संपवला, बशीतला सांडलेलासुद्धा. बायको पदराआड तोंड करून बसली होती, हसत होती की काय ते दिसलं नाही.

परतताना रस्त्यात मी तिला पहिल्यापासून सांगितलं, धूळपाटी, सांगकाम्या, सही, ते पदकवाले बडे, नावाला लागलेलं कुलूप. त्या लोकांना शिव्याही घातल्या. अजूनही घालतो, मदतीच्या नावाखाली असला कारभार करणाऱ्यांना दुसरं काही देणं मला जमत नाही. ती मागं बसून शेवटपर्यंत ऐकत होती. शेलूबाजारच्या फाट्यावर गाडी हळू केली तेव्हा बोलली.

"चहा अर्धा तुमीच केला, लिहिला बी तुमीच. अन् चावडीवर जाऊन इचारता, कोण्या मूर्खानं लिहिलं. मले इचारलं असतं त मी घरीच सांगतलं असतं."