शुक्रावरची माणसं मी मारली

मंडळी, किहीमहून गिरगावात तुमच्याकडे येणारी आपली फिरती वही आज मांडव्याच्या मचव्यावर द्यायला गेलो आणि पार खजील होऊन परतलो; म्हणून हे वेगळं पत्र.

चार महिने मी तिच्यात मंगळ आणि शुक्राचं युद्ध लिहितो आहे. मंगळावरचे लोक शहाणे, शुद्ध बोलणारे. शुक्रावरचे आडदांड, अंगाला मासळीचा वास. तुम्हाला हसू यावं म्हणून त्यांच्या तोंडी मी कोळ्यांची बोली घातली. मागच्या प्रकरणात शुक्र बेचिराख केला. तुम्ही समासात ‘वाहवा’ लिहिलंत!

वही पोहोचवणारा मचव्याचा कोळी तांडेल आज म्हणाला, “मास्तर, माझी पोर शालंत जाते. मागल्या खेपेला तिनं ही वही वाचून दावली.”

मी फुशारकीनं विचारलं, “मग, आवडलं?”

“ती सगली मेली? बाया-पोरां पन?” तो म्हणाला. “आमच्यावानी बोलत व्हती, म्हून पोर इचारतंय.”

मी वही पुढे केली. त्यानं नेहमीसारखी वही मेणकापडात गुंडाळली आणि पाणी लागू नये म्हणून आपल्या बंडीत, छातीशी खोचली.

यापुढे युद्ध लिहायचं थांबवीन, मंडळी. पण त्या पोरीला काय सांगू?