द्राक्षाच्या रसाची बाटली

परवा सुपरमार्केटात चंदेरी कागद गुंडाळलेल्या हिरव्या बाटल्या दिसल्या आणि आखातातल्या अल मजाज वस्तीतली ती संध्याकाळ आठवली. दारू सोडलेले आम्ही सातआठ जण दर रविवारी एका सोबत्याच्या घरी जमायचो; खिडकीतून खाडीवरचा वारा यायचा आणि स्वयंपाकघरातून बिनदुधाच्या सुलेमानी चहातल्या पुदिन्याचा वास. मला दारू सोडून वर्ष झालं म्हणून त्या दिवशी बायकोलाही बोलावलं होतं. तिनं कौतुकानं फेसाळत्या द्राक्षाच्या रसाची, अगदी शॅम्पेनसारखी दिसणारी बाटली आणली, "हलाल आहे, दारूचा थेंब नाही, लेबल वाचूनच घेतलीय," म्हणाली आणि फट्टकन बूच उडवलं. सगळ्यांच्या नजरा बाटलीवर खिळल्या. फेस तिच्या बोटांवरून ओघळला आणि काय झालं ते कळून बिचारी पांढरीफटक पडली. आमच्यात रीतच होती, प्यायचं मनात आलं की तिथल्या तिथे बोलून टाकायचं. मी म्हणालो, "मला आत्ता प्यावीशी वाटतेय." आमच्यातले सर्वांत जुने, रत्नागिरीचे चाचा म्हणाले, "अरे, मला तर पिशवीतून बाटली निघाली तेव्हाच वाटलं!" मग "मला पण, मला पण" म्हणत सगळेच हसत सुटले. "यल्ला, चला, चहा आणा," चाचा ओरडले. बायको हसता हसता रडत होती. परतताना गाडीत म्हणाली, "तुला प्यावीशी वाटली, हे मला नेहमी तू प्यायल्यावर कळायचं. आज पहिल्यांदा आधी कळलं." परवाही त्या बाटल्यांपाशी मी तिला सांगितलंच. "बरं," ती म्हणाली आणि ट्रॉली दह्याकडे वळवली.