आवणीपुरतं कुलूप

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आणि आईला तर नाहीच — तिला कुठल्या तोंडाने सांगणार? तुम्ही मला ओळखत नाही, तेव्हा तुमच्यापाशी सोपं जाईल असं वाटलं होतं. तेही जात नाहीये. मघापासून दोनदा उठून चहाच करून आले.

मी मुरबाडला भाड्याच्या खोल्यांची मॅनेजर आहे. कारखान्यांजवळ आमच्या कंपनीच्या लांबच लांब चाळी आहेत, त्यात कामगार राहतात. मोटर जळली, नळ गळला, दोन बिऱ्हाडांत वाळत घातलेल्या गोधडीवरून जुंपली — सगळं माझ्याकडे येतं. आधी मी तिथे केअरटेकर होते. मग बढती मिळाली. आनंद किती झाला म्हणून सांगू? आईने पाड्यावर घरोघर पेढा वाटला होता. अर्धा-अर्धा करून, पण वाटला.

आमचं घर डोळखांबच्या पलीकडे, डोंगराच्या कुशीत. तिथली बोली मी मुरबाडला आल्यावर हळूहळू सोडली. कुणी सोडायला सांगितलं नव्हतं. पण ऑफिसात ‘नाय’ म्हटलं की समोरचा किंचित हसतो — ते हसू एकदा पाहिलं की जीभ आपोआप सरळ होते. आई फोनवर बोलायला लागली की मी बाहेर जाऊन बोलायचे. आत रेंज येत नाही, असं सांगायचे. रेंज चांगली येत होती.

हिरामावशी आमच्याच पाड्यावरची. आईची मैत्रीण. रक्ताची मावशी नव्हे, पण आई शेतावर असली की मला कडेवर घेऊन हिंडायची ती हीच. तिला चाळीतली खोली मीच मिळवून दिली होती. ती एका केटरिंगवाल्याकडे भाकऱ्या थापायला आणि भांडी घासायला जायची, आणि तिची ज्योती मुरबाडच्या कॉलेजात शिकायची. खोली घेतली होती ती ज्योतीसाठीच. पाड्यावरून रोज येणं-जाणं कसं जमणार? एसटी गाठायलाच केवढी पायपीट. ज्योतीला नर्स व्हायचं होतं. चाळीतल्या पोरांना खरचटलं की हळद लावायला ती आधी धावायची. मावशीला त्याचं कोण कौतुक!

आता आमच्याकडची एक रीत सांगते, म्हणजे पुढचं कळेल. आवणीला, म्हणजे भाताची रोपं लावायला, आमच्याकडची माणसं गावी जातात. सगळी जातात. त्या दिवसांत घरातलं एक माणूस मोकळं राहत नाही, शिकणारं पोरही नाही. भाड्याच्या खोलीला कुलूप लावायचं, आत चूल-भांडी तशीच ठेवायची, आणि दारावर गेल्या साली टांगलेली भाताची लोंबी तशीच लटकत ठेवायची. कुलूप म्हणजे आम्ही गेलो, लोंबी म्हणजे परत येणार. जुने मॅनेजर ते समजून घ्यायचे. पण कंपनीने नवा नियम काढला — खोली महिनाभर बंद राहिली तर ती रिकामी समजून दुसऱ्याला द्यायची. खोल्यांसाठी लोक थांबलेले असतात, हेही खोटं नव्हे.

नियमाची कुणकुण मावशीला लागली. एके सकाळी ती ऑफिसच्या दाराशी आली. एका पायाने दुसऱ्या पायाची पोटरी खाजवत, पदराचं टोक दातात धरून उभी राहिली. मला म्हणाली, “आमी आवणीला जाऊ तवा खोली ठेवशील ना गो? ज्योतीचं बारावीचं साल हाय.” मी काय म्हणाले? “बघू.” बघू म्हणायला काय जातं? अंगाला भोकं तर पडत नाहीत.

त्यानंतर थोड्याच दिवसांत आम्हा नव्या मॅनेजरांचं प्रशिक्षण होतं. शहापूरला, एका मंगल कार्यालयात. नेतृत्व म्हणजे काय, माणसं कशी सांभाळायची, कठीण गोष्ट कशी सांगायची — असं सगळं. शिकवायला पुण्याहून एक मॅडम आल्या होत्या. चांगल्या होत्या हो, त्यांचा काही दोष नाही. त्या म्हणाल्या, दोघादोघांनी पुढे या. एकाने भाडेकरू व्हायचं, एकाने मॅनेजर. भाडेकरूने एखादी सवलत मागायची आणि मॅनेजरने नम्रपणे, पण ठाम नकार द्यायचा.

माझी जोडी कसाऱ्याकडच्या एका मॅनेजरशी लागली. ते मॅनेजर झाले. मी भाडेकरू.

इथे थांबावंसं वाटतं.

मी हिरामावशी झाले. ठरवून नाही — म्हणजे, पहिलं वाक्य सहज आलं असेल, पण पुढची? ओढणीचं टोक दातात धरलं. एका पायाने दुसरी पोटरी खाजवली. “आमी आवणीला जाऊ तवा खोली ठेवशील ना गो?” हॉल खदखदून हसला. माझ्या जिभेला मुळात हाड नाही, त्यात टाळ्यांचा वारा लागला. मग मी आणखी ताणलं. नाक ओढलं, हात जोडले, पोरीच्या बारावीचं रडगाणं गायलं. मावशीने हात जोडले नव्हते. नाकही ओढलं नव्हतं. ते मी माझ्या पदरचं घातलं. कसाऱ्याचे मॅनेजर हसू आवरत म्हणाले, “मावशी, नियम सगळ्यांना सारखा असतो.” सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मॅडमनी विचारलं, ही भाषा तुम्हाला इतकी हुबेहूब कशी येते?

मी म्हणाले, “भाडेकरूंकडून. ऐकून ऐकून येते.”

माझ्या आईची भाषा. मी ज्या भाषेत पहिल्यांदा पाणी मागितलं असेल, ती.

आणि मग मी वळले. दाराशी चहाचा ट्रे घेऊन हिरामावशी उभी होती. तिच्या केटरिंगवाल्यालाच त्या दिवसाचं काम मिळालं होतं, मला काय माहीत? पण माहीत नव्हतं म्हणून काय झालं? माहीत असतं तर केलं नसतं, एवढाच त्याचा अर्थ. तो काही माझ्या बाजूचा नाही.

ती एकेकाला चहा देत पुढे आली. कप हलत नव्हते. माझ्यापाशी आली तेव्हा तिने मला ओळख दाखवली नाही. जिने मला कडेवर घेतलं, तिने परक्या बाईसारखी खाली नजर ठेवून कप पुढे केला — कशासाठी, ते मला तेव्हाच कळलं होतं. मला चारचौघांत ओशाळं वाटू नये म्हणून. आणि मी ते करू दिलं. मी म्हणाले, “थँक्यू.”

जेवणानंतर मॅडमनी एक गोष्ट सांगितली. नियम कंपनीचा असला, तरी खरं कारण असेल तर अपवाद करायचा अधिकार मॅनेजरचाच. कुणाला विचारायची गरज नाही. मी सगळ्यांबरोबर मान हलवली. म्हणजे बघा, मावशीची खोली तिथल्या तिथे माझ्या हातात आली होती. ज्योतीचं वर्षही.

दोन दिवसांनी मावशी ऑफिसात आली. राब, म्हणजे भाताची रोपं काढायची जागा, भाजून झाले होते, गावाकडची कामं खोळंबली होती. तिने टेबलावर चावी ठेवली. बाहेर टेम्पोत तिची चूल-भांडी चढवलेली दिसत होती, आणि ज्योती पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. मावशीचा आवाज नेहमीसारखाच मऊ होता.

“तुला नाय म्हनायला जड जाईल गो. म्हनून मीच खाली केली खोली.”

मला तोंडावर नकार द्यावा लागू नये, म्हणून तिने आपलं बिऱ्हाड उचललं होतं. ‘गो’ म्हणाली होती, अजूनही. एकच वाक्य बोलायचं होतं मला — चावी उचल, आवणी करून ये, खोली तुझीच आहे. तसं म्हणायला कुणाची परवानगी लागणार नव्हती. मी म्हणाले, “मावशी, चहा घेतेस?” ती म्हणाली, “नको, टेम्पो उभा हाय.” आणि गेली.

आता खरं सांगायचं ते हे. लोक हसले, ते माझं खरं पाप नव्हे. थँक्यूसुद्धा नव्हे. टेम्पो वळून गेला आणि मला हायसं वाटलं. ती समोर राहिली असती, तर रोज तिच्या तोंडाकडे बघावं लागलं असतं. चावी मी खिळ्याला अडकवली आणि वरच्या साहेबांना कळवलं, भाडेकरूने स्वखुशीने खोली सोडली. दारावरची लोंबी मावशीने काढली नव्हती. ती मी काढली.

ज्योतीची बारावी राहिली. पुढच्या वर्षी तिचं लग्न झालं, किन्हवलीला दिली. बरं चाललंय म्हणतात. आता माझ्या चाळीत आवणीपुरतं कुलूप चालतं. दारावर लोंबी दिसली की ती खोली मी कुणाला देत नाही. लोक मला मायाळू म्हणतात. मीही ते ऐकून घेते.

परवा गावी गेले होते. आईने नव्या तांदळाचा भात वाढला. तांदूळ हिरामावशीने पाठवला होता, ‘पोरीचा वाटा’ म्हणून. दरवर्षी पाठवते, मी मुरबाडला गेल्यापासून, त्या वर्षानंतरही. आई वाढता वाढता म्हणाली, हिरा अजून सांगते, तुझी पोर शहापूरला मोठ्या हॉलात उभी राहून अशी बोलली, अशी बोलली, की लोकांनी टाळ्या वाजवल्या. साहेबलोक नुसते बघत राहिले. मावशीने आईला एवढंच सांगितलंय. इतकी वर्षं, फक्त एवढंच.

आईचा चेहरा उजळला होता. माझ्या ताटावर तूप सोडत ती म्हणाली, “काय बोललीस गो एवढं? मला पन बोलून दाव ना एकदा.”

मी भात कालवत राहिले.