सारूमावशींची हाक

जे दिसत नाही त्याला सारूमावशी घरी बोलवायच्या. एखादं मूल दचकून खाणंपिणं टाकून बसलं, की दिवेलागणीला त्या तिकटीवर जात. तीन वाटा मिळतात तिथली चिमूटभर माती घेत, मुलाच्या नावाने हाक मारत आणि मागे न बघता परत येत. उंबऱ्यावरून विचारत, "आलं का?" आतल्या बाईने म्हणायचं, "आलं." मग मुलाच्या मनगटाला दोरा. चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसणाऱ्या बाईने हे करावं म्हणून पाळकसाहेब चिडत. "सायेब, तुमी जिवासाठी प्रार्थना करा. मी त्याला वाट दावते," मावशी म्हणत. मी श्रीरामपूरच्या शाळेत भूगोल शिकवणारी. माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नव्हता, निदान उजेड असेपर्यंत तरी.

जपानशी चाललेल्या लढाईच्या दिवसांत शेजारचा दगडू फिटर ब्रह्मदेशातून रानावनातून पायी परतला. बरोबर ब्रह्मी बायको मा टिन आणि लहान मुलगी. मुलगी बोलेना, घास गिळेना. नुसती दाराकडे बघत पडून असायची. डॉक्टरांनी हात टेकले. मावशींनी तिचा हात हातात घेतला. म्हणाल्या, "पोरगी हितं न्हाई. लई लांब ऱ्हायलीय, रानात."

संध्याकाळी मावशी हाका मारत आल्या. मा टिनला मराठी येत नव्हतं, म्हणून "आलं" म्हणायला मी आत बसले होते. मावशींनी उंबऱ्यावरून विचारलं आणि माझ्याआधी मा टिननेच उत्तर दिलं, तिच्या भाषेत. तिच्या मुठीत दोराही तयार होता. तिच्या गावीही जिवाला अशीच हाक मारतात, हे दगडूने नंतर सांगितलं. वर्गात छडी फिरवून मी आशियाचे देश वेगवेगळे करून दाखवायची, आणि इथे दोन बायका एकाच मनगटाला दोरा बांधत होत्या. तेवढ्यात मुलगी चटईवर सरकली, कुणाला तरी शेजारी जागा करून दिली आणि पाणी मागितलं.

मावशींना मागेपुढे कुणी नव्हतं. "माज्या येळेला कोन हाक मारनार?" त्या हसत म्हणायच्या, पण ते हसणं खरं नसायचं. दोनेक वर्षांनी त्या तापाने पडल्या आणि आम्हाला ओळखेनाशा झाल्या. दिवेलागणीला मा टिन उठून तिकटीवर गेली. तिची हाक गल्लीभर ऐकू आली. त्यात 'सारूमावशी' एवढंच मराठी होतं.

तिने उंबऱ्यावरून विचारलं. या खेपेला मीच म्हटलं, "आल्या."

दारात बायबल घेऊन उभे असलेले पाळकसाहेब बाजूला झाले. मावशींनी डोळे न उघडता भिंतीकडे सरकून जागा केली. पहाटे त्या गेल्या. एकट्या गेल्या, असं आमच्या गल्लीत कुणी म्हणत नाही.